भिंगरीचे मोजे

मंगळवार, ४ मार्च. पहाटे ५.१०
भिंगरीच्या उशाशी बसून तिच्या मोज्यांच्या जोड्या लावतोय. ही म्हणते, झोप जरा. झोप कुठली!

परवा पुन्हा दुर्बीण – तोंडातून पोटात नळी घालून बघायचं, आतली जखम भरली का. मागच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन पुरलं नाही. नळी घशात आणि पोरगी जागी. खोली बर्फासारखी गार. डॉक्टर म्हणाले, "बाबा, पाय धरा." धरले. नंतर म्हणाले, "तिला काही आठवणार नाही. औषधच तसं असतं."

तेव्हापासून ती मला मोजे घालू देत नाही. पाच वर्षांची पोर. स्वतःच घालते, टाच पावलावर येते. ही म्हणते, मोठी होतेय ती. असेल.

बुधवार, ५ मार्च
विचारायचं वाक्य पाठ करून गेलो. समोर गेल्यावर त त प प. तरी विचारलं – पूर्ण भूल देता येईल का? डॉक्टर म्हणाले, भूलतज्ज्ञ बाई महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी येतात, तोवर गोळ्या चालू ठेवू. नाहीतर उद्याच उरकतं. मुलं विसरतात हो. म्हटलं, थांबतो.

घरी आईनं ऐकवलं, "दहावीला गटांगळ्या खाल्ल्यास, आणि डॉक्टरला शिकवून आलास?"

सोमवार, १७ मार्च
भिंगरीचं पोट दुखलं. थांबायचं मी ठरवलं, असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

गुरुवार, २७ मार्च
नऊचा नंबर. रात्रीपासून खाणंपिणं बंद. निघताना आईनं गुपचूप साखरपाणी पाजलं. मी बघितलं तोवर पेला रिकामा. म्हणाली, उपाशी लेकराला नेतोस, बाप आहेस की कसाई?

दवाखान्यात हिनं कोपरानं ढोसलं – गप्प बस, नाहीतर आणखी महिना. पण भूल दिल्यावर उलटी होऊन छातीत गेली तर? बाईंना सांगून टाकलं.

बाईंनी एवढंच विचारलं, "दूध नव्हतं ना त्यात?"

नव्हतं.

"मग बसा. दोन तासांनी घेते."

पुन्हा बसलो.

मलाही आत घेतलं. भिंगरी माझ्या मांडीवर. बाईंनी नाकातोंडावर मास्क धरला, फुगा फुगव म्हणाल्या. थोड्या फुंकरा मारल्या आणि मान कलली. एवढी जड ती कधी लागली नव्हती. मग मला बाहेर पाठवलं. पाय धरायला कुणीच लागलं नाही.

जखम भरलीय. घरी आईनं पेला घासून पालथा घातला.

शनिवार, २९ मार्च
शाळेची वेळ. आज मोजे घेऊन तीच आली. पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी पाऊल हातात घेतलं.

म्हणाली, "आज गार नाहीत तुझे हात."