चार टायर आणि एक शांत माणूस

३ जानेवारी, दुपारी १

रोज चार ओळी लिहा, डोकं थंड राहील, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा ते माझ्या मुठीला टाके घालत होते. मूठ दाराला लागली होती. दार मध्ये आलं. मी मुळात शांत माणूस आहे, तरी लिहायला काय जातंय.

आज जीपला चार नवे टायर. दगडावर चालणारे, जाडजूड, नक्षीत बोट बुडेल असे. दुकानदाराला विचारलं, किती टिकतील. म्हणाला, डांबरी रस्त्यावर चाळीस-पन्नास हजार किलोमीटर, खाणीच्या दगडावर त्याच्या अर्धेही नाहीत. आणि नुसते उभे ठेवलेत तरी सहा वर्षांत रबर कडक होऊन तडकतं. मी म्हणालो, माझे दहा वर्षं टिकतील, कारण टायरचं टिकणं रबरावर नसतं, माणसावर असतं. तो हसला. मी फक्त त्याची कॉलर सरळ केली. दोन बटणं तुटली. शिलाई कच्ची.

साडूनेही आजच हेच टायर घेतले. बायकोच्या धाकट्या बहिणीने या माणसात काय पाहिलं, देव जाणे.

संकल्प: आजपासून राग बंद.

१२ जानेवारी

राग बंद होऊन नऊ दिवस. मधले चार सोडून.

साडू आणि मी, दोघंही आपापल्या जीपमधून खालच्या चौकातून दगडखाणीवर कामगार नेतो. सहा किलोमीटर चढ, त्यातले चार नुसते टोकदार दगड. हा माणूस रोज सकाळी गुडघे टेकून टायरची हवा मोजतो. दगड आले की हवा कमी करतो, डांबर आलं की पुन्हा भरतो. मी त्याचं नाव 'हवामान खातं' ठेवलं. सगळे कामगार हसले. तोही हसला. अशा माणसाचं काय करायचं.

मी हवा एकदाच भरतो. गच्च. छाती फुगवून चालणाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही, टायरचंही तेच.

२ फेब्रुवारी

खडीच्या ट्रकवाल्याने साइड दिली नाही. उतरून समजावलं. समजावताना त्याचा एक दात पडला, आधीपासून हलत असणार. मग त्यानेही मला पाठीत पान्याने समजावलं. विषय मिटला.

परत येताना चढावर गाडी जरा दाबली. चाकं जागच्या जागी भिरभिरली, जळक्या रबराचा वास सुटला. टायरचा दम बघायला नको का.

बायकोने पाठ शेकून दिली. शेकायची पिशवी आधीच गरम करून ठेवली होती. तिला आता माझा स्वभाव कळायला लागलाय.

१६ मार्च, रात्री ८

मागच्या टायरांवरचे रबराचे ठोकळे उडालेत. सात. उंदीर असावेत. बायको म्हणाली, उंदीर नाहीत, तुम्ही रागाने चाकं फिरवता आणि दगड लचके तोडतात. मी म्हणालो, मी रागावतो कुठे. मग टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही, म्हणजे माल अस्सल. पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलं.

पायाला प्लास्टर. पाणी मागितलं तेव्हा लक्षात आलं, घरात काचेचा एकही ग्लास उरला नाही. सगळे स्टीलचे. कधी बदलले कळलं नाही. बाईला टापटिपीची आवड आहे.

१० एप्रिल

खाणीच्या मॅनेजरने सांगितलं, डोंगराच्या वरच्या अंगाला नवी खाण सुरू होणार. रस्ता वाईट. ज्याचे टायर चांगले राहतील त्याला ते काम. तोवर दर महिन्याला नक्षीची खोली मोजणार. काल मोजली. साडूचे जवळजवळ नवे. माझे निम्मे गेलेत. मोजपट्टी खराब आहे.

रात्री सासऱ्यांकडे सगळे जेवायला होतो. सासऱ्यांनी टायरचं विचारलं. साडू हळूच म्हणाला, दादा, दगडावर हवा थोडी कमी ठेवत जा, टायर दगडाला धरून चालतो, कापला जात नाही. चारचौघांत मला शिकवतो. एक दिली. एकच. कानाखाली, डाव्या बाजूला. टेबल मी उलटवलं नाही, ते धक्क्याने उलटलं. सासऱ्यांनी काठी उचलली. वयाचा मान म्हणून दोन खाल्ल्या. तिसरी चुकवली, ती टीव्हीला बसली.

साडू कानावर हात धरून उगाच बराच वेळ बसला होता. नाटकी.

संकल्प: नातेवाइकांकडे जेवायला जाणं बंद.

२१ एप्रिल

साडू हल्ली माज करायला लागलाय. चौकात त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून हाक मारली तर ढिम्म पुढे बघत राहतो. तीनदा मारली. शेवटी खांद्याला धरून फिरवला तर दचकला. म्हणाला, कानात पाणी गेलंय दादा. एप्रिलमध्ये कुठलं पाणी.

५ मे

हॉर्न नीट वाजेना म्हणून स्टीअरिंगवर बुक्की मारली. आता अजिबात वाजत नाही. हरकत नाही, माझा आवाज पुरेसा आहे.

पुन्हा मोजणी झाली. त्याचे टायर तसेच. यात काहीतरी काळंबेरं आहे. विचार करतोय. शांतपणे.

२३ मे, सकाळी १०

सरकारी दवाखान्यात. पलंग आखूड आहे.

सकाळी सहाला साडूच्या दारात गेलो. त्याचे टायर खरे की खोटे, एवढंच बघायचं होतं. सोबत मोठा स्क्रू ड्रायव्हर होता. टायरच्या बाजूला सगळा जोर लावून खुपसला. रबराने तो असा भिरकावला की सरळ माझ्याच मांडीत गेला. चार बोटं आत. बराच ओरडलो असेन, कारण साडू बनियनवर धावत आला. त्याने टॉवेल घट्ट बांधला आणि मला उचलून त्याच्याच जीपमध्ये घातलं. मी म्हणालो, तुझ्या टायरमध्ये खडा अडकला होता, तो काढत होतो. तो म्हणाला, थँक्यू दादा.

वाटेत जाणवलं, याची गाडी दगडांवरूनही फार मऊ जाते. हे लिहायला नको होतं.

४ जुलै

पुढच्या डाव्या टायरला बाजूने वीतभर चीर. पंक्चरवाला म्हणाला, नक्षीत भोक पडलं तर बुजवता येतं, बाजू फाटली की टायर संपला. नवा घ्या, माणसं नेता तुम्ही. मी जॅकचा दांडा उचलला. त्याने घण उचलला. घण मोठा होता. मी शांत माणूस असल्यामुळे परत आलो.

घरीच आतून जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. वरून काळा रंग मारला. कोणाला ओळखू येणार नाही. बायकोला ओळखू आलं. म्हणाली, अहो, मागे सहा माणसं बसतात, त्यांनाही घरी कोणीतरी आहे. मी जेवणाचं ताट भिंतीला दाखवलं. ती भिंत पुसत बसली. तो विषय तिथेच संपला.

२७ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर माझंच आहे.

काल संध्याकाळी पाच वाजता खाणीतून उतरत होतो. मागे सहा कामगार. पुढे साडूची रिकामी जीप, मुंगीच्या चालीने. हॉर्न नाही, म्हणून ओरडलो. त्याच्या डाव्या बाजूला, डोंगराकडे थोडी जागा होती, तिथे गाडी घातली आणि खिडकीतून पुन्हा ओरडलो. शिव्या चांगल्या होत्या. त्याने बघितलंसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला.

पुढचा डावा टायर कपारीच्या दगडाला घासला आणि फुटला. मागच्यांना वाटलं, सुरुंगच उडाला. जीप डोंगरावर चढली आणि आडवी पडली. माझा उजवा हात कोपराखाली मोडला. दोघांची डोकी फुटली. खाणीत सुरुंग लावणारा जो आहे, वीस वर्षं सुरुंगाच्या दारूशी खेळून ज्याला ओरखडा नाही, त्याचा घोटा माझ्या गाडीत मोडला.

ज्यांना उठता येत होतं त्यांनी मला बाहेर ओढलं आणि मारलं. लोखंडी टोप्यांनी, डब्यांनी, एकाने फावड्याच्या दांड्याने. कोणीतरी माझ्या अंगावर पडलं. तोही मारायलाच आलाय असं वाटून मी त्याच्या हाताला कडकडून चावलो. त्याने हात काढला नाही. मार थांबल्यावर बघितलं, साडू होता. फावड्याचे सगळे तडाखे त्याच्या पाठीवर बसले होते.

२९ ऑगस्ट, सकाळी ११

मॅनेजर येऊन गेला. त्याने हिशेब सांगितला. चारही टायर मोडीत. आठ महिने, दहा हजार किलोमीटरही नाहीत. मी म्हणालो, दगड फार वाईट आहेत. तो म्हणाला, तुमच्या साडूंच्या जीपखालीही तेच दगड आहेत, आणि अजून दोन वर्षं जातील त्यांची चाकं.

नंतर मेहुणी आली. मी तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याने माझा आवाज ऐकून साइड दिली असती तर हे झालंच नसतं. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, भावोजी, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्या दिवशी बाबांकडे तुम्ही मारलंत तेव्हा पडदा फाटला. आता भरून येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. कानात पाणी गेलं असं सगळ्यांना सांगायचं, अशी त्यांनी मला शपथ घातली होती.

मी म्हणालो, मग निदान मला तरी सांगायचं. ती म्हणाली, तुम्हाला सांगून तुम्ही काय केलं असतं, भावोजी.

ती गेली. रागवायला काहीतरी शोधत होतो. पंख्याकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. कोणी काही केलेलं नव्हतं.

३० ऑगस्ट

काही नाही.

११ सप्टेंबर

साडू डबा घेऊन आला. त्याच्या मनगटावर माझे दात अजून दिसतात. मी त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणालो, पाठ कशी आहे. तो म्हणाला, बरी आहे दादा. पुढचं वाक्य तयार होतं, दोन दिवस जुळवत होतो. आलं नाही. मी डबा उघडला. तो रिकामा डबा घेऊन गेला.

१५ ऑक्टोबर, सकाळी साडेसात

वरच्या खाणीचं काम साडूला मिळालं. खालच्या रस्त्यावर आमची जीप नव्या टायरांवर चालेल, पण मी स्टीअरिंगला हात लावायचा नाही, असं मॅनेजरने लिहून घेतलं. बायकोकडे लग्नाआधीचं लायसन्स आहे. मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं झाली लग्नाला. मी म्हणालो, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आज तिचा पहिला दिवस. साडेसहाला आम्ही चौकात पोहोचलो. कामगार आधी लांबच उभे होते. बायकोने काच खाली केली आणि चला म्हणाली. एकेक जण येऊन बसायला लागला.

सुरुंगवाला शेवटी आला, दोन कुबड्यांवर. त्याला खाणीत आता बसून करायचं काम दिलंय. मी हात द्यायला पुढे झालो. त्याने हात घेतला नाही. वाकून चारही चाकं बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कोण चालवणार.

मी म्हणालो, ही.

मग तो बसला.