दादाच्या गाडीचं इंजिन

माधव नगर, गुरुवार

आज इंजिनाचा सौदा झाला. ट्रकने उजव्या बाजूने ठोकलं, दादा जागेवरच गेला, आणि इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. इंजिन विकत घ्यायला आलेला मिस्त्री तेच म्हणत होता, "दीदी, इंजन एकदम सही है." जणू खुशखबर. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं का?

गाडी जुनी, म्हणून तो पंचवीस हजार म्हणाला. मी हो म्हणणारच होते. घेऊन जा एकदाचं. तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तेराव्यानंतर ती कोणाशी धड बोललेली नाही.

"पैंतीस," ती म्हणाली. "क्लच प्लेट दिवाली पे नई डलवाई थी. ऑइल हर बार टाइम पे बदला है."

हे तिला माहीत होतं? दादा जेवताना गाडीचंच बोलायचा, ती नुसती हं हं करायची.

"चालू करके सुना दो, भाभीजी."

मिस्त्रीने बॅटरी जोडली, टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं. उजवं दार चेपलेलं, म्हणून वहिनी डावीकडून तिच्या नेहमीच्या सीटवर बसली आणि हात लांबवून चावी फिरवली. लगेच सुरू झालं. ओरखडाच नाही, होणारच.

"बस, सुन लिया. पैंतीस मंजूर."

वहिनीने बंद केलं नाही. समोर बघत बसून राहिली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या पायरीवर बसले. मग तोही बसला.

पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच थांबलो.