हिरवा खडू

३ एप्रिल, सकाळी ६.१०
नदीच्या पाण्याची तपासणी आजपासून माझ्याकडे. पोहण्याच्या क्लबच्या कोचने आपणहून दिली. (मी तीनदा विचारल्यावर.) फळ्यावर हिरवा खडू म्हणजे उतरा, लाल म्हणजे घरी जा. एकवीस तारखेला धरणावर स्पर्धा आहे. लेक रोज दोन तास नदीत सराव करते, तेव्हा काम जाणकाराच्या हाती हवं. मी कुठे शिकायला गेलो नाही. सगळं वाचून. मी स्वतः पाण्यात उतरत नाही. तपासणाऱ्याने तटस्थ राहावं.

५ एप्रिल
पद्धत अशी. बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी, वर नदीचं पाणी, दोन दिवस गीझरवरच्या फळीवर उबेला. मैल्याचे जंतू असतील तर पाणी काळं होतं. बाटल्या आधी ब्लीचने धुतो. नंतर विसळत नाही. नळाच्या पाण्याचा काय भरवसा? तळाशी चार थेंब राहतात. राहू देत.

७ एप्रिल
काळं नाही. हिरवं लिहिलं. अक्षर छान आलं.

११ एप्रिल
मेव्हणा जेवायला. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत आहे म्हणून सगळं कळतं असं वाटतं त्याला. म्हणे, नाला मिळतो तिथून दोनशे मीटरवर पाणी स्वच्छ कसं, भावोजी? वही दाखवली. म्हणाला, वही छान आहे. आभार मानले.

१४ एप्रिल
हिची तक्रार: लेकीचा टॉवेल दोनदा धुऊनही वास जात नाही. साबण बदलायला सांगितलं. बाटली निर्मळ. हिरवं.

१६ एप्रिल
क्लबातल्या दोघांचं पोट बिघडलं. बाहेरचं खाल्लं असणार. लेक काठावर घुटमळत होती. उतरू ना, विचारलं. मी म्हणालो, "बापाच्या फळ्यावर विश्वास नाही का?"
उतरली.

१९ एप्रिल
लेकीला ताप, जुलाब, उलट्या. दवाखान्यात सलाईन. कुठलं पाणी पोटात गेलं, डॉक्टरांनी विचारलं. मी वही काढली. त्यांनी घेतली नाही.

२० एप्रिल, दुपारी ४
मेव्हण्याने माझी एक रिकामी बाटली हुंगली. आवाज न चढवता म्हणाला, "भावोजी, यात गटार ओतलं तरी काळं होणार नाही. ब्लीच आहे तळाला, जंतू आधीच मरतात." मग उकळून कोरडी केलेली बाटली घेऊन मला नदीवर नेलं. पाणी भरलं, पट्टी टाकली.

२१ एप्रिल
लेक खाटेवरून घड्याळाकडे बघत होती. आता शिट्टी झाली असेल, म्हणाली. ही भिंतीकडे तोंड करून चादरीची घडी घालत होती. घडी झालेली होती. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "बाबा, एकदा तरी स्वतः उतरून बघायचं होतंत."
मी सलाईनचे थेंब मोजले. मिनिटाला बावीस.

२२ एप्रिल, सकाळी ६.१०
बाटली काल सकाळी सहालाच काळी झाली होती. चौदा तास. काल नोंद केली नाही. आज फळ्यावर लाल लिहिलं. क्लब तीन दिवस बंद आहे, वाचायला कोणी नव्हतं.
मला पोहता येत नाही. ही नोंद तीन तारखेला करायला हवी होती.