बाबांचं इंग्रजी

तिरुवोट्रियूर, चेन्नई
१८ नोव्हेंबर २०२५

चि. नीलू,
खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. चार दिवस पाऊस हटत नाहीये, घरभर ओले कपडे लटकलेत. अक्षर वेडंवाकडं आलंय, हाताला जरासं लागलंय, काळजीचं काही नाही.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. बाबा शेजारीच बसलेले असतात गं. बोलता येत नाही, पण कळतं सगळं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलू?

सिद्धार्थच्या आईचा परवा फोन आला होता. बाई सभ्य आहेत, टोचून काही बोलल्या नाहीत. "नीलम म्हणते बाबा बोलायला लागले की लग्नाची तारीख धरू, तर अंदाजे कधी?" एवढंच विचारलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

दर रविवारी फोनवर बाबांचं इंग्रजी ऐकून तू खूश होतेस. मीही झाले होते. अर्धांगवायूचा झटका आल्यावर मराठी गेलं, तमिळ गेलं, माझं नावसुद्धा गेलं, आणि एका सकाळी चहा देताना स्वच्छ म्हणाले, "टेकन फॉर ग्रॅनाइट!" मी कप तसाच ठेवून खाली अलमेलू मामींना सांगायला धावले.

त्या इंग्रजीवरून तू आठवीत असताना केवढी भांडायचीस! "बाबा, ग्रँटेड असतं हो!" गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात शेषाद्री साहेबांना मराठी येत नव्हतं, बाबांना तेव्हा तमिळ येत नव्हतं. मग प्रेस मशीनच्या धडधडाटात दोघं इंग्रजीत ओरडायचे. अर्धं ऐकू यायचं, उरलेलं बाबा स्वतः भरायचे. "ग्रॅनाइटच बरोबर," म्हणायचे, "मला दगड समजून गृहीत धरलं, असा अर्थ." आणि बळीच्या बकऱ्याला ते इंग्रजीत काहीतरी म्हणतात ना, त्याचं यांनी केलं 'एस्केप गोट'. का, तर शहाणा बकरा पळूनच जाणार. तू डोक्याला हात लावायचीस. मला मात्र पटायचं बाई.

झटक्यानंतर व्यायाम करून घेणारा वेंकट आला की हे 'एस्केप गोट' म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. औषध कधीपर्यंत घ्यायचं विचारलं की 'प्ले इट बाय यिअर'; ते 'इअर' असतं म्हणायचीस तू, पण यांचं म्हणजे वर्षा-वर्षानं बघू. सगळं कसं जागच्या जागी बसायचं! बोलणं शिकवायला येणारी शरण्या म्हणाली, "अम्मा, हे बोलणं नाही. तोंडात बसलेलं आपोआप बाहेर पडतं, शिंक येते तसं. अर्थ तुम्ही लावताय." मला असा राग आला! म्हटलं, पस्तीस वर्षं संसार केलाय, माझा नवरा काय म्हणतो ते तू मला शिकवू नकोस.

नीलू, दिवाळीनंतर मी न्हाणीघरात पडले. हाताला लागलंय ते तेव्हाच. उठता येईना, आवाजही फुटेना. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले. मामी खालीच होत्या, एक हाक पुरली असती. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि "प्ले इट बाय यिअर" म्हणाले. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं, घसा फुटेस्तोवर. डोळ्यांतून धारा, आणि तोंडातून तेच. मामींनी ऐकलं. त्यांना वाटलं, साहेब आज मजेत आहेत.

कामवाली आली तेव्हा मला उठवलं. मनगटाचं हाड मोडलंय, डावं; कागद दाबून धरता येत नाही, म्हणून अक्षर असं.

बाबा त्या दिवसापासून तीही वाक्यं बोलत नाहीत. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांना कळलं होतं. मागचे दोन रविवार 'बाबा झोपलेत' म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. मेंदूचा दुसरा फोटोही काढला. आता काही सुधारायचं नाही म्हणाले. तुझं नाव बाबांच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळणार नाही, हे एकदाचं लिहून टाकते. फोनवर मला जमलं नसतं.

तेव्हा थांबू नकोस. तारीख धर. बाबांना मी घेऊन येईन, खुर्चीत बसवेन. उजवा हात उचलवत नाही, तर डावाच तुझ्या डोक्यावर ठेवतील. डाव्या हाताचा आशीर्वाद म्हणून कुणी नाक मुरडलं, तर माझ्याशी गाठ आहे.

त्याआधी एकदा येऊन जा. पण आलीस की "बाबा, म्हणा ना, नी-लम" असं करू नकोस. शरण्या करायची, तर ते भिंतीकडे तोंड फिरवून रडायचे. मी तिचं येणं बंद केलं. तू नुसती जवळ बस.

दोघांच्या वतीनं,
तुझी आई