कुमार-कुमारी परिचय मेळावा

नारायण पेठ, पुणे
सोमवार

ती. मुक्ताताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत, भाऊजींचा गुडघा आणि तुमच्या सोसायटीचं पाणी यांपैकी निदान दोन गोष्टी ठीक असाव्यात. (खडकवासल्याला धरणाच्या उशाशी राहून टँकर मागवणारी माणसं मी तुमच्याखेरीज पाहिली नाहीत.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आपल्या वाचनालयाचा कुमार विभाग आठवतो ना? जिन्याखालून आत गेलं की लागणारी ती खोली. घराला एकच कार्ड, कार्डावर एकच पुस्तक, म्हणून आपण दोघं एकाच पुस्तकात डोकं घालून बसायचो. तुझं आधी वाचून व्हायचं आणि तू खुशाल पान उलटायचीस. कित्येक पानांच्या शेवटच्या ओळी मी आजतागायत वाचलेल्या नाहीत. तरी सांगतो, त्या खोलीत होतो तितका सुखी मी पुढे कुठेच झालो नाही. म्हणून तर बँकेतून सुटलो की त्या विभागाचं काम फुकट बघतो.

तर ती खोली आता जाणार होती. अध्यक्ष बाबुरावांचं म्हणणं, हल्ली मुलं येत नाहीत, नुसती कपाटं बसून असतात. खोली स्पर्धा परीक्षावाल्यांना अभ्यासिकेसाठी भाड्याने देऊ. मी हातापाया पडून एक रविवार मागून घेतला. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी यावं, आवडत्या पुस्तकाचा इतरांना परिचय करून द्यावा, वर गरम बटाटेवडे. खोली भरली तर राहील, असं ठरलं. पाटी मीच लिहिली : ‘कुमार-कुमारी परिचय मेळावा. रविवारी सकाळी. अल्पोपाहार आहे.’ ‘पुस्तक’ हा शब्द मुद्दामच घातला नाही. वाचनालयात परिचय पुस्तकाचाच होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं (अशी माझी समजूत).

रविवारी बघतो तर जिन्यापर्यंत रांग. मला भरून आलं. मग लक्षात आलं, की रांगेतले कुमार तिशीला टेकलेले आहेत आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी आईवडिलांनी धरलंय. पुस्तक कुणाच्याच हातात नव्हतं. पत्रिका सगळ्यांकडे होती. एका काकूंनी मला मुलीकडचे कुठे बसलेत म्हणून विचारलं. दुसऱ्या एकांनी, मंगळ असलेल्यांची वेगळी सोय का नाही, अशी तक्रार केली. प्रत्येकाच्या माहितीपत्रकात ‘छंद : वाचन’ होतंच, म्हणून अभिनव नावाच्या एका मुलाला सध्या काय वाचतोस असं विचारलं, तर त्याच्या आईने त्याचं पॅकेज सांगितलं. शेवटी मी स्टुलावर चढून खुलासा केला, की परिचय पुस्तकांचा आहे. पुढे बसलेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मग पाटीवर तसं लिहायचं होतंत. आम्हाला वाचता येतं.” वडे संपेपर्यंत कुणीही हललं नाही.

पण ताई, खरी गंमत पुढेच आहे. थोरल्यांचं जमवायला निघालेल्या आईबापांनी धाकट्यांनाही बरोबर आणलं होतं (घरी ठेवलं तर मोबाईल घेऊन बसतात). बोलणी लांबली तशी ती पोरं कंटाळून कपाटांकडे सरकली. शेफाली म्हणून एक शाळकरी मुलगी जमिनीवर फतकल मारून पुस्तकात अशी शिरली, की आईच्या हाका तिला ऐकूच येईनात. दादाची पत्रिका कुठेच जुळेना म्हणून घरची मंडळी निघाली, तर ही म्हणते, “आई, अजून एखादी मुलगी बघ ना. माझं थोडंच राहिलंय.” मी कपाट पुसायच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले.

बाबुरावांनी गर्दी बघून आणखी एक रविवार दिलाय. या वेळी मात्र ते फक्त शाळा-कॉलेजातली डोकी मोजणार आहेत. ती भरली तरच खोली राहील.

भाऊजींना नमस्कार. नम्रताला आणि तुमच्या शेंडेफळाला, सूरजला, आशीर्वाद.

तुझा,
सलिल

ता. क. पाटी नवी रंगवली. ‘पुस्तक’ हा शब्द याही वेळी घातलेला नाही.

ता. क. २ : नम्रताला इतक्यात लग्न करायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रविवारी तिची पत्रिका घेऊन तुम्ही सगळ्यांनी यावं. स्थळं खरोखर चांगली येतात.

ता. क. ३ : पत्रिका विसरलीस तरी चालेल. नम्रता नाही आली तरी चालेल. सूरजला तेवढं घरी ठेवू नकोस.