सहलीच्या खेळण्यानं फोडलेली लाकडं

अहो,

दवाखान्यातून तुमचे रिपोर्ट घेऊन येते. उठल्या उठल्या मागच्या दारी जाल, म्हणून आधीच सांगते, फोडायला काही उरलेलं नाही. हिवाळाभर पुरेल एवढं लाकूड भिंतीला लावून रचलंय. "सहलीचं खेळणं" म्हणून ज्या स्वस्तातल्या कुऱ्हाडीला हसलात ना, तिनंच फोडलंय. तिनं आणि मी!

मध्येच पातं हलायला लागलं. पण तुमच्यासारखी बादलीत बुडवून नाही ठेवली. दांडा भिजला की फुगतो आणि वाळला की पुन्हा ढिला. मी नवी पाचर तासून ठोकली, आता तसूभर हलत नाही. शेजारचे सुतारकाका बघून गेले, नाव ठेवायला जागा सापडली नाही त्यांना. फार शोधली.

धार मात्र तुमच्यासारखी नाही येत मला. कानस गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवली आहे. आधी गोळ्या.

छातीचे टाके ओले आहेत, विसरू नका. दाराशी एक ओंडका मुद्दाम ठेवलाय. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तो तुमचा. तोवर त्याच्यावर बसून धार लावा.