खिडकीतला चहाडखोर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर बाकीचं न वाचताच फोन उचलशील, आणि माझा आवाज अजून बसलेलाच आहे. बाबा बरे आहेत. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात त्यांची लुडबुड सुरू झालीय. चहात साखर टाकायला विसरतात आणि वर चहा कसा झालाय म्हणून विचारतात.

परवा माळ्यावर तुझी जुनी बरणी सापडली. स्क्रू, वायरींचे तुकडे, मोडक्या घड्याळाची चाकं. खारीसारखी साठवायचीस म्हणून तर तुझं हे नाव पडलं. पुढे त्याच वेडापायी तू ते तळहाताएवढे डबे केलेस आणि गावभर टांगलेस, खांबांवर, शाळेच्या गच्चीवर, आपल्या खिडकीच्या गजांना. कुणी पाहुणा आला की मी त्याला खिडकीशी नेऊन ऐटीत समजावायचे. गावाजवळच्या अणुवीज केंद्रात काही बिघडलं, किरणोत्सर्ग बाहेर पडला, तर हा डबा तो मोजतो, बिनतारी संदेशाने शेजारच्या डब्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत बातमी थेट माझ्या लेकीच्या ऑफिसात. मधला एखादा बंद पडला तर दुसऱ्या वाटेने. यंत्र हातात धरून कुणी जिवावर उदार होऊन आत शिरायला नको. बाबा म्हणायचे, बायकांच्या गप्पांचंही असंच तर चालतं.

म्हणून गेल्या महिन्यात तू फोनवर रडलीस ते मला सहन झालं नाही. आपल्या खिडकीतला डबा धोक्याचा इशारा देत होता आणि शेजारचे सगळे डबे गप्प होते. खरं काही असतं तर त्यांनाही कळलं असतं, तेव्हा आपलाच बिघडला, असं तू ठरवलंस. तुझी माणसं यंत्र घेऊन आली, घराचा कोपरान् कोपरा तपासला, काही सापडलं नाही. डबा काढून घेऊन गेली. मला वाटलं, गेला तर एक डबा जाईल. आता तुझे साहेब म्हणतात, उगाच ओरडणारी यंत्रणा उद्या अख्ख्या गावाला पळायला लावेल, सोमवारच्या बैठकीत ती बंदच करून टाकू. आणि तूही माझंच चुकलं म्हणून मान खाली घालून बसलीस. इतक्या वर्षांचं काम गं तुझं!

बाबांवर रागावू नकोस. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण मी शपथ घातली होती. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुझा फोन आला की बिचारे सरळ अंघोळीला जायचे.

मावशीकडे जाते म्हणून तुला सांगितलं होतं, पण मी तिकडे गेले नव्हते. हॉस्पिटलात होते. गळ्यात कॅन्सरची गाठ होती, ती काढली. मग डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि बजावलं, काही दिवस तुमच्या अंगातून किरणं बाहेर पडतील, कुणाच्या जवळ जाऊ नका. बाबा ताट दाराशी ठेवून मागे सरायचे आणि पलीकडे बसून मला मोठ्याने पेपर वाचून दाखवायचे. मी पलंग खिडकीशी ओढून घेतला. तुझ्या हातची तेवढीच एक गोष्ट जवळ होती, तिच्याशी डोकं टेकून पडायचे. तुझी माणसं आली तेव्हा मी तपासणीला गेले होते, मग त्यांना काय सापडणार? तुझा डबा बिघडलेला नव्हता, राजा. मी तुझ्यापासून लपवत होते आणि त्या चहाडखोराने मी हॉस्पिटलातून घरी आल्या दिवशीच तुला सांगून टाकलं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आहे, ती साहेबांपुढे ठेव आणि ताठ मानेने बोल. औषधाचा मात्र गुण आला नाही. दुखणं हाडांत उतरलंय, आता फार वाट बघण्यासारखं राहिलेलं नाही. बैठक झाली की निघून ये. मला जवळ घ्यायला आता काही हरकत नाही, मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय.

तुझीच,
आई